जांभळी पर्स निम्म्या किमतीत, टॅन नाही

दर आषाढात एक मेसेज फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: इथल्या, बेळगावच्या भिशीच्या ग्रुपवरून, माहेरच्या, म्हणजे निपाणीच्या ग्रुपवरून आणि पुण्याच्या नणंदेकडून. मजकूर थोडक्यात असा. ब्रँडेड पर्स कधीही पूर्ण किमतीला घेऊ नका. जुलै आणि जानेवारीत तीच पर्स निम्म्या किमतीत मिळते. शेवटच्या दिवशी गेलात तर भाव आणखी पडतो. नाहीतर आऊटलेट, म्हणजे ब्रँडचं सवलतीचं दुकान गाठा, माल तोच, फक्त दुकान वेगळं. खाली 'पूर्ण किंमत मोजणारे वेडे' आणि हसणारी तोंडं.

त्या वेड्यांत मीही आहे, म्हणून लिहायला बसले. लाखाच्या पर्सशी आपला संबंध नाही. मी बोलतेय ती हायडिझाईन, दा मिलानोपासून कोच, मायकल कोर्सपर्यंतच्या ब्रँडांची मधली रांग. घेण्याआधी घरात दोनदा चर्चा होते, ती.

पहिला शब्दच चुकीचा आहे: 'तीच'. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बेंगळुरूला एक टॅन, म्हणजे फिकट तपकिरी रंगाची पर्स बघून ठेवली होती. मेसेजवर विश्वास ठेवून सहा महिने थांबले. जुलैत पुतण्याच्या साखरपुड्याला राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने गेले आणि पाहुण्यांना चुकवून दुकानात शिरले. दारावर '50 टक्के', आणि 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढा. टेबलावर त्याच आकाराच्या पर्स होत्या खऱ्या, पण जांभळ्या, पोपटी आणि एक पांढरी, फुलाफुलांची. टॅन मागच्या फळीवर, डिसेंबरच्याच किमतीला. विचारलं तर मुलगी म्हणाली, "अदु सेलनल्ली इल्ला, मॅडम." म्हणजे, ती सेलमध्ये नाही.

तिचं चुकलं नव्हतं. काळा, टॅन, तपकिरी हे रंग कंपन्या वर्षानुवर्षं काढत राहतात. जुलैत राहिले तरी दिवाळीत खपतात, मग त्यांचा भाव कशाला पाडतील? पाडायचा असतो तो त्या हंगामापुरत्या रंगांचा, कारण पुढचा माल येण्याआधी फळी मोकळी करायची असते. हे आपल्याला नवीन नाही. आषाढात लग्नं नसतात, म्हणून खडेबाजारात कापडाचे सेल लागतात. तिथे लग्नाच्या शालूवर आणि ढिगातल्या साडीवर एकाच टक्क्याची पाटी मी तरी पाहिलेली नाही. साडी घेताना हे कळतं, पर्सच्या वेळी मात्र विसरायला होतं.

आता 'निम्मी किंमत'. कशाच्या निम्मी? आपल्याकडे एमआरपी ही वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढंच. त्या किमतीला तो माल एकदा तरी विकला गेला होता, असं ते लेबल सांगत नाही. अमेरिकेत यावरूनच मायकल कोर्सवर दावा झाला होता. आऊटलेटमधल्या मालावर जी मोठी 'मूळ किंमत' छापून सूट दाखवली जायची, त्या किमतीला तो माल कधी विकलाच जात नव्हता, अशी तक्रार होती. 2015 मध्ये कंपनीने चूक मान्य न करता 48 लाख डॉलरहून जास्त रक्कम देऊन ते मिटवलं. आणि ते '50 टक्के, वर आणखी 20 टक्के' म्हणजे 70 नव्हे. 10,000 चे आधी 5,000, मग त्यातले 1,000 कमी. सूट 60 टक्केच.

त्यापेक्षा पर्सच्या आत लोंबणारं लेबल उलटून बघा. आयात मालावर तो बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. जुलैच्या सेलमधल्या पर्सवर दीड-दोन वर्षांपूर्वीचा महिना असेल तर ती किती हंगाम पडून होती ते कळतं. तेवढ्याने पर्स वाईट ठरत नाही, पण घासाघीस करायला धीर येतो.

मेसेजमधलं आऊटलेटबद्दलचं म्हणणं तर सरळ खोटं आहे. पूर्वी तिथे उरलेला माल जायचा. आता बऱ्याच मोठ्या कंपन्या आऊटलेटसाठी वेगळा माल बनवतात. कोचच्या जुन्या पर्समध्ये आतल्या चामड्याच्या पट्टीवर नंबराच्या आधी 'एफ' असेल तर ती फॅक्टरी स्टोअरसाठीच, म्हणजे आऊटलेटसाठीच बनवलेली. नणंदेने परदेशातल्या अशा एका दुकानातून आणलेली पर्स मी अथणीच्या एका चप्पलवाल्या काकांना दाखवली. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी नावाकडे बघितलंसुद्धा नाही. पट्ट्याची कड नखाने खरवडली, अस्तर चिमटीत धरलं, चेन चार वेळा मागेपुढे केली. "चामडं बरं हाय. पर कड नुसती रंगवलीया, दुमडून शिवल्याली न्हाई. आन् ह्यो रनर दोन वर्सं टिकतोय का बगा." वर्षभरातच रनर निघाला. पर्स वाईट नव्हती, दिलेल्या पैशाची होती. पण 'तीच' नव्हती.

शेवटच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. चपलेसारखा इथे मापाचा प्रश्न नसतो, त्यामुळे बरा नग पहिल्या दोन दिवसांतच जातो. उरतो तो शोकेसमधला, कडीवर चरे पडलेला. एक मात्र लक्षात ठेवा: 'सेलचा माल परत नाही' ही पाटी दोष निघालेल्या मालाला लागू नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष वस्तू 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मात्र जपून ठेवा.

राहिला जुलै. मेसेज लिहिणाऱ्याने बेळगाव-खानापूरचा पाऊस पाहिलेला नसावा. इथे जुलैत घेतलेली चामड्याची पर्स बाहेर नेववत नाही, आणि कपाटात ठेवली तर गणपतीपर्यंत तिच्यावर पांढरी बुरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आणखी लवकर. दुकानातून मिळालेल्या कापडी पिशवीत, आत रद्दी कागद कोंबून ठेवली तर वाचते. शिवाय ऑनलाइनवाल्यांचा मोठा सेल दसरा-दिवाळीच्या आधी असतो, पाऊस ओसरलेला असतो आणि बँकेच्या कार्डाची सूट तेव्हा टॅनवरही लागते. मेसेजमध्ये या सेलचा उल्लेखच नाही.

माझी टॅन पर्स मी शेवटी तशीच ऑक्टोबरात घेतली, कार्डाचे दहा टक्के सोडले तर पूर्ण किमतीला. भिशीतल्या एकीने मात्र त्याच जुलैत जांभळी निम्म्या किमतीत आणली आणि ती अजून मिरवते. तिला पहिल्यापासून जांभळीच हवी होती.