स्वार्थाला शिव्या घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गावात एखादा उघडपणे म्हणू लागला की "मी माझ्या फायद्याचं बघतो, कोणाला लुटत नाही आणि माझं फुकट देत नाही", तर त्याला वेळीच ठेचायला हवं. एकाचं ऐकून चार जण बोलू लागतात, आणि मग गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मागण्यापर्यंत मजल जाते. अशा माणसाला पानठेल्यावर गाठा. खर्रा घोटून होईपर्यंत वाद जिंकता येतो, फक्त पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य म्हणजे मूळ काही वाचायचं नाही. विवेकी स्वार्थाचा विचार विसाव्या शतकात नेटानं मांडला तो आयन रँड या बाईनं. जन्म 1905चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडिलांचं औषधाचं दुकान बोल्शेविकांनी जप्त केलं, आणि 1926 साली ती अमेरिकेला गेली. स्वार्थाला नावातच सद्गुण म्हणणारं तिचं निबंधांचं पुस्तक 1964 साली आलं. तुमचं काम त्या नावावरच भागतं. पुस्तक उघडलंत तर पंचाईत होईल. आपला बळी दुसऱ्यासाठी देऊ नये, असं ती म्हणते, पण लगेच पुढे म्हणते की दुसऱ्याचा बळीही आपल्यासाठी घेऊ नये. मनात आलं ते करणं म्हणजे स्वहित नव्हे, आणि माणसामाणसांत व्यवहार हवा तो राजीखुशीच्या देवाणघेवाणीचा. तुम्ही फक्त पहिला अर्धा भाग सांगत जा. ऐकणाऱ्यांना तेवढाच पाठ असतो.

दुसरं पथ्य, चोर आणि स्वार्थी एकाच दावणीला बांधायचे. यासाठी धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणारा फार उपयोगी पडतो. दरवर्षी नांगरताना हा नांगराची एखादी ओळ शेजाऱ्याकडे सरकवतो, आणि तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "हा पाहा तुमचा विवेकी स्वार्थ!" समोरचा हिशेब मांडायला बसला तर मात्र तिथून उठा, कारण हिशेब वाईट निघतो. दहा वर्षांत सरकून सरकून पट्टी झाली दोन हातांची. शंभर मीटरच्या धुऱ्यावर ती एक गुंठासुद्धा भरत नाही. शेजाऱ्यानं अर्ज टाकला की भूमी अभिलेखचा मोजणीदार येऊन खुणा रोवतो आणि पट्टी परत जाते. तेवढ्यात शेजारी आपल्या शेतातून जाणारी ह्याची बैलगाडीची वाट अडवतो. मग वाट मोकळी करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली अर्ज करून ऐन पेरणीत तहसीलला खेटे घालायचे. गुंठाभर पऱ्हाटीसाठी, म्हणजे कापसाच्या झाडांसाठी, आख्ख्या शेताची वाट घालवणाऱ्याला स्वतःचं हित कळतं, असं म्हणायला फार मोठं मन लागतं. ते तुमच्याकडे आहेच.

कापसावर पाणी मारणाराही याच दावणीला चालेल. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्याला धरतात, 12 टक्क्यांपर्यंत भाव कापतात आणि त्यापुढे गाडी परत पाठवतात. ग्रेडर वरचा कापूस बघत नाही, ढिगात हात घालून आतला उपसतो आणि त्याला मीटर लावतो. ओला कापूस दाबून भरला की आत तापतो, पिवळा पडतो, मग खासगी व्यापारीही तोंड फिरवतो. भाडं, हमाली, मुक्काम सगळं गाडीवाल्याच्या अंगावर. याला मूर्खपणा म्हणालात तर तुमचा मुद्दा पडेल. स्वार्थच म्हणा.

आता सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायची रीत. "सगळे स्वार्थी झाले तर सावड मरेल" हे वाक्य आवाज जरा भरून आल्यासारखा करून म्हणायचं. दोघांकडे एकेक बैल, जोडी करून आज ह्याचं डवरण, उद्या त्याचं. निंदणालाही तसंच, आज हिच्या वावरात आठ बाया, परवा तिच्या. किती उदात्त! फक्त एवढं बघा की तिथं सावडीतली एखादी जुनी बाई उभी नसेल. ती बोटांवर सांगेल की कोणाचे किती दिवस फेडायचे राहिलेत, पावसानं मोडलेला अर्धा दिवस कसा धरायचा, आणि लेकराला पाठवलं तर तो पुरा दिवस मानायचा की नाही. दोन वेळा बोलावून न आलेलीला तिसऱ्या वेळी कोणी बोलवत नाही, हेही तीच सांगेल. सावड शेकडो वर्षं टिकली ती या हिशेबावर. ज्या गावात हिशेब सुटला, तिथे दोन-तीन कष्टाळू घरं सगळ्यांकडे राबली आणि चौथ्या वर्षी घरीच बसली. हे सगळं तुमच्या मुद्द्याच्या नेमकं उलट जातं, म्हणून सावडीचं फक्त नाव घ्या, रीत सांगू नका.

संतांचा उपयोग जरूर करा. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, म्हणजे आपलेच. त्यांनी सगळं दिलं, असं म्हणून हात जोडा. ते आधी गाव झाडायचे आणि मग भाकर घ्यायचे, एवढा तपशील तेवढा गाळा.

बुडत्या पोराचा प्रश्न ठेवणीतला आहे. पैनगंगेला पूर आलाय, पोर वाहून चाललंय, तुमचा स्वार्थी काठावर उभा राहून फायदा मोजणार का? 1963च्या एका निबंधात रँडबाईनं याचं उत्तर दिलंय: जिवाला फार धोका नसेल तर संकटातल्या अनोळखी माणसाला मदत करावी, आणि जिच्यावर जीव आहे तिच्यासाठी जीव धोक्यात घालणं हा त्याग नव्हेच, कारण तिच्याविना जगणंच आपल्याला नको असतं. पण पूर वर्षात एखाददुसऱ्या दिवशी येतो, म्हणून संकटाचा नियम रोजच्या दिवसांना लावू नये, असंही तिचं म्हणणं. तुम्ही मात्र बाराही महिने पूर चालू ठेवा.

तोंड बंद करायचा हुकमी डाव वेगळाच आहे: "बाईनं म्हातारपणी सरकारी पेन्शन घेतलीच ना?" घेतली. अशा योजनांना ज्यांचा विरोध आहे, त्यांनी आपल्याकडून सक्तीनं घेतलेलं परत घेण्यात काही गैर नाही, हेही तिनं 1966 सालीच लिहून ठेवलं होतं. हाच डाव गावात पीएम किसानच्या 6,000 रुपयांवर खेळा. "एवढा स्वाभिमानी आहेस तर हप्ता कशाला घेतोस?" हे विचारताना 5 मार्च 2012ला कापसाची निर्यात एका आदेशानं बंद केली होती, किंवा डिसेंबर 2021मध्ये सोयाबीनचे वायदेबाजारातले सौदे थांबवले, असल्या तारखा जिभेवर येऊ देऊ नका. एका हातानं काढून दुसऱ्या हातानं 2,000चे तीन हप्ते देणं याला उपकार म्हणायचं असतं.

शेतकऱ्याबद्दल बोलताना "पोशिंदा" आणि "बळीराजा" हे शब्द मुबलक वापरा. राजा म्हटलं की भाव मागता येत नाही. 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली ती अशाच थोर भाषेत. व्यापारी लुटतो, म्हणून कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा. मग केंद्रासमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, चुकारे हप्त्याहप्त्यानं आले, आणि शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी तिकडे कापूस नेणारा तस्कर ठरला. आपला माल आपल्याला हव्या त्या भावात विकणं हा गुन्हा ठरवायला आधी स्वार्थाला पाप ठरवावं लागतं, हे या योजनेनं छान शिकवलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुढे "भीक नको, हवे घामाचे दाम" अशी घोषणा दिली, तेव्हा या पापी विचाराला मराठीत चार शब्द मिळाले. ही घोषणा तुम्हीही सभेत देत असाल. देत राहा, फक्त ती स्वार्थाची आहे हे कोणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत सरकीवर जगते, वेचणीनंतर उरलेल्या कवडी, म्हणजे नीट न उमललेल्या, बोंडांत आणि धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत सुप्त राहते. म्हणून डिसेंबरअखेर पीक मोडून पऱ्हाटी उपटायची, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत अळीला खायला मिळत नाही. पण पाणी असलेला शेतकरी जानेवारीत एक पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर वाढीव पीक, घेतो. दोन-तीन क्विंटल वाढीव मिळतात त्याला, पतंग मात्र उडतात सगळ्या शिवारात. बियाण्याचंही तसंच. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं. त्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणं यायचं. ते भोवतीनं पेरलं की तिथले साधे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुगतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. लोकांनी ती पुडी फेकली, किंवा नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली. 2006 साली आलेलं दोन जनुकांचं बीटी अळीनं पचवलं, आणि 2017मध्ये विदर्भात बोंडं फोडली की आत किडकी सरकी निघू लागली.

इथे विवेकी स्वार्थवाल्याला घाम फुटतो. फरदडीची अळी पुढच्या हंगामात आधी माझ्याच वावरात येते, हे तो म्हणेल, आणि ते खरं आहे. दुसऱ्याच्या वावरात अळी सोडणं म्हणजे दुसऱ्याचा बळी घेणंच, हेही म्हणेल. पण पतंग कोणाच्या शेतातला, हे कोणतं न्यायालय ठरवणार? एकट्यानं पीक मोडून काय उपयोग? शेवटी तो शिवारातल्या सगळ्यांनी बसून तारीख ठरवायची, पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र मिळून भाड्यानं आणायचं आणि फरदड ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी त्यातून वगळायचं, असा करार सुचवेल. म्हणजे पुन्हा सावडच, हिशेबासकट. करार टिकेल की नाही यावर खरा वाद होऊ शकतो, आणि त्यात तुम्ही जिंकूही शकता.

अडचण इतकीच की तारीख ठरवताना पहिली सही तुमची मागतील. चुलीसाठी तुमच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचा ढीग रचलेला असेल, तर हा आक्षेप काढूच नका.