दोन नळांमागचं कारण

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शिकायला गेलेल्या मुलाचे तुम्ही लिहिलेले घरमालकिणीकडचे किस्से वाचून पोट दुखेपर्यंत हसलो. पण बेसिनवरचे दोन नळ, एक कढत आणि एक बर्फगार, हा इंग्रजांचा नुसता विक्षिप्तपणा नव्हे. जुन्या घरांत थंड पाणी थेट बाहेरच्या जलवाहिनीतून येई, ते पिण्याचं. गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीतून, आणि ती पुष्कळदा उघडीच. ते पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून नळ वेगळे. लोक बेसिनला बूच लावून पाणी कोमट करून घेत. बाथरूममधल्या दिव्याला बटणाऐवजी दोरी असते, तीही ओल्या हाताला शॉक बसू नये म्हणून.

त्या किश्श्यांतला पबचा प्रसंग मला सगळ्यात आवडला. तिथे आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी पेयं आणायची असतात. पाळी चुकवणारा मनातून उतरतो, पण तोंडावर कुणी बोलत नाही! आपल्याकडून जाणाऱ्या, दारू न पिणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं. स्वतः संत्र्याचा रस घ्या, पण पाळी सोडू नका.

थंडीत न मागता गरम पाण्याची पिशवी आणून देणाऱ्या त्या घरमालकिणीबद्दल अजून लिहा ना. तिच्यावर दोनच ओळी आल्यात.