आधी स्टेज, मग ट्रॅक

कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन दिवसांची गो-कार्ट, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांची, स्पर्धा घ्यायचं ठरलं म्हणे. अभिनंदन! आता आधी स्टेज कुठे लागणार ते बघा, ट्रॅकचं नंतर. सगळ्यात लांब सरळ पट्टा पाहुण्यांच्या सोफ्यासमोरच संपला पाहिजे. कार्ट सुसाट अंगावर येते आणि ऐन वेळी वळते, ही मजा दुसरीकडे बसून येत नाही. नाही वळली तर? वळेल हो, पोरांनी स्वतः वेल्डिंग केलंय.

वळणाबाहेर मोकळी जागा सोडा असं कुणी म्हणालं, तर तिथे वडापावचा स्टॉल ठरलाय म्हणून सांगा. ताशी 50 किलोमीटरने कार्ट सेकंदाला 14 मीटर जाते आणि ब्रेक बहुतेक वेळा फक्त मागच्या अ‍ॅक्सलला (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) असतो, ही गणितं फिजिक्सच्या सरांकडे राहू द्या. वेग 40 वरून 60 वर नेला की धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते, हेही त्यांच्याचजवळ. फ्लेक्सवर 60 चा आकडा उठून दिसतो.

जागा कमी पडली तर ट्रॅक दुमडून घ्या. जाणारा आणि येणारा पट्टा शेजारी-शेजारी, मध्ये प्लास्टिकचे कोन. कार्ट कोनांचा मान राखते. दिव्याचा खांब वळणाच्या बाहेरच्या कडेला आलाच, तर थर्माकोल गुंडाळून वर ‘सुरक्षा प्रथम’ चिकटवा.

ट्रॅकच्या कडेला धडक झेलायला लावायचे जुने टायर पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. लाल-पांढरा रंग मारून नुसते एकावर एक रचा. बोल्ट मारून एकमेकांना जखडायचे, पुढून कन्व्हेअर बेल्टची पट्टी लावायची, असले लाड नकोत, परत करताना कोण सोडवत बसणार? मी एका ठिकाणी मार्शल होतो (म्हणजे हातात झेंडा होता). तिथे एका कार्टचं नाक, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, खालच्या टायरला ढकलत रांगेत घुसलं. वरचा टायर सावकाश कलला आणि पोराच्या मांडीवर येऊन बसला. पोरगं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तसंच बसून होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी फोटो आला, खाली ‘थरारक क्षण’.

ड्रेनेजचं झाकण, पेव्हर ब्लॉकची उचललेली कड, याची काळजी नको. कार्टला सस्पेन्शन नसतंच, त्यामुळे बिघडायचा प्रश्न नाही.

मोकळे केस आणि ओढण्यांवरून मुलींना टोकू नका, वातावरण बिघडतं. मागचा अ‍ॅक्सल उघडाच फिरत असतो. 2018 साली हरियाणातल्या पिंजोरला आणि 2020 साली हैदराबादजवळ केस अडकून दोन तरुणींचे जीव गेले. पण ते काही आपल्या जिल्ह्यात नव्हतं.

पेट्रोलचे कॅन मंडपाच्या कनातीला टेकवून ठेवा, वेल्डिंग मशीनही तिथेच बरं पडतं.

आणि कुणी फारच कायदा काढला तर इतिहास ऐकवा. कार्टिंग जन्मलंच पार्किंगमध्ये! 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवून पहिली कार्ट केली, आणि सुरुवातीच्या काळात हा खेळ पॅसाडेनाच्या रोझ बाउलच्या पार्किंगमध्ये रंगायचा. पुढच्या सत्तर वर्षांत लोक काय काय शिकले, ते सांगायची गरज नाही. कोल्हापूरला पक्का कार्टिंग ट्रॅक आहे, तिकडेही चक्कर मारू नका, उगाच मनात शंका येतात.

अँब्युलन्स मात्र हवी, बातमीच्या फोटोत शोभते. गेटच्या आत उभी करा, म्हणजे आमदारसाहेबांच्या गाड्या तिच्यापुढे नीट लागतील. ड्रायव्हर जेवायला गेला तर जाऊ द्या.

उद्घाटनाची फीत स्टार्ट लाइनवरच आडवी बांधा. कापल्यावर ती उचलायचं काम तेवढं कुणाकडे तरी द्या. मागच्या वेळी तिसऱ्या वळणापर्यंत ती अ‍ॅक्सलला पूर्ण गुंडाळली होती.