बलामाची गाढवी, पौलाचा लेखनिक आणि तुमच्या भावाला गेलेलं पत्र

सलाम.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही आहे. तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रार्थना, सांत्वन आणि क्षमा मागणं, या तीन गोष्टी एआयकडून लिहून घेऊन स्वतःच्या नावावर घरच्यांना पाठवू नयेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही विचारता: आपली सगळी उपासनाच उसन्या शब्दांवर चालते, कवी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं काय आपण रचली? प्रेषित पौलसुद्धा मंडळ्यांना लेखनिकाकडून पत्रं लिहून घ्यायचा ना? देव बलामाच्या गाढवीच्या तोंडून बोलला, मग यंत्राच्या तोंडून बोलायला त्याला कोणाची हरकत? जर्मनीत तर चॅटजीपीटीने अख्खी उपासना चालवली. वर, मी 'भाषा येणाऱ्यांचा तोरा' मिरवते, असा शेराही आहे. आणि अगदी शेवटी, आवाज खाली आणून, तुमच्या भावाची गोष्ट. तिच्याकडे मीही शेवटीच येते. माझ्या मते तुमची खरी प्रतिक्रिया तेवढीच आहे, बाकीचं तिच्याभोवती घातलेलं कुंपण.

गाढवीचा मुद्दा मला मनापासून आवडला. पण बायबलातल्या गणना पुस्तकाचा बाविसावा अध्याय पुन्हा उघडून बघा. बालाक राजाच्या बोलावण्यावरून संदेष्टा बलाम गाढवीवर बसून निघालाय, वाटेत देवदूत तलवार उपसून उभा आहे आणि तो दिसतोय एकट्या गाढवीला. ती आधी वाट सोडून शेतात शिरते, मग भिंतीला घासून जाते आणि बलामाचा पाय चेंगरते, शेवटी त्याच्यासकट खालीच बसते. तिन्ही वेळा मार खाते. तिचं तोंड उघडतं तेव्हा ती प्रवचन देत नाही की भविष्य सांगत नाही. मी तुझं काय केलं म्हणून मला तीनदा मारलंस, एवढंच विचारते. आजवर तू माझ्यावरच बसत आलास, मी कधी अशी वागले होते का, असंही विचारते. देवदूत तिने पाहिलेला, मार तिच्या पाठीवर पडलेला आणि धन्याशी तिचं जुनं नातं. तिच्या तोंडचा शब्दन् शब्द तिचा होता. यंत्राने काय पाहिलंय आणि कोणाचा मार खाल्लाय? (आपल्याकडे गाढवापुढे गीता वाचतात. बायबलात गाढवच संदेष्ट्याला चार गोष्टी ऐकवतं, हे मला फार आवडतं.)

उसन्या शब्दांबद्दल आपलं भांडणच नाही. प्रत्यक्ष येशूने वधस्तंभावर नवे शब्द शोधले नाहीत. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे बाविसावं स्तोत्र आहे, त्याच्या आधी कित्येक पिढ्यांनी म्हटलेलं. माणूस पार मोडून पडतो तेव्हा पाठ असलेलंच तोंडी येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पौल तर रोमकरांस लिहितो की प्रार्थना कशी करावी हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे शब्द चांगले जुळलेच पाहिजेत ही अट देवाने कधी घातलीच नव्हती. मग ते जुळवून घेण्यासाठी आपली एवढी धावपळ कशाला? आणि टिळकांचं पद म्हणताना ते टिळकांचं आहे हे शेजारच्या बाकावरच्यालाही ठाऊक असतं. मी ते रात्री जागून तुमच्यासाठी रचलंय, असा आव कोणी आणत नाही.

लेखनिकाचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो स्वतःच पुढे येतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तिय, माझाही प्रभूमध्ये सलाम. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिथे नाही. लेखनिक आहे, त्याला नाव आहे, ज्यांना पत्र जातंय त्यांच्याच प्रभूवर त्याचा विश्वास आहे. आणि पौल? गलतीकरांना तो म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने तुम्हाला लिहितोय. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तर स्वतःच्या हातचा सलाम ही आपल्या प्रत्येक पत्राची खूण म्हणून सांगतो. बाकीचा मजकूर कोणाकडूनही उतरवून घ्या, पण तेवढ्या जागी हात त्याचाच. आपण नेमकं उलटं करतो. मजकूर यंत्राचा आणि खाली सही आपली.

टिळकांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून त्यांच्या घरातलंच सांगते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांत, आणि पुढची काही वर्षं नवरा-बायकोमधलं बरंचसं बोलणं पत्रांतून चाललं. महाराष्ट्रातला एवढा मोठा कवी स्वतःच्या बायकोला लिहितोय, त्याच्याकडे शब्दांना काय तोटा! पण बाई शब्दांनी बधल्या नाहीत. त्या परत त्याच्याजवळ राहायला आल्या, भांडल्या, पाहिलं, स्वतःच्या मनाशी जातीपातीचा हिशेब घातला आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेल्या. घरातल्या माणसाला कागदावरचं बोलणं पुरत नाही, मग ते टिळकांचं का असेना. यंत्राच्या सफाईदार मराठीने आपल्या घरात काय होणार?

आता तोरा. खरं सांगायचं तर ग्रुपवरच्या ज्या दोन प्रार्थनांमुळे मी मागचा लेख लिहिला त्यांतली चांगली प्रार्थना शुद्धलेखनाच्या परीक्षेत नापास झाली असती. माझ्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी तिच्या एका भाच्याची प्रार्थना आली, यंत्राकडून लिहून घेतलेली, चांगली तीन परिच्छेदांची. डॉक्टरांच्या हातांना कौशल्य, शरीरातल्या प्रत्येक पेशीला आरोग्य आणि शेवटी 'त्यांच्या प्रेरणादायी जीवनप्रवासाबद्दल' देवाचे आभार. मावशीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अगं, मी गेले की काय?" मग रीतीप्रमाणे तिने हात जोडल्याचं चित्र टाकलं. थोड्या वेळाने तिच्या जाऊबाईंचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी. "हे बापा, ही भुलीच्या सुईला लई घाबरती. तेवढ्या टायमाला तिचा हात धर. बाकी डॉक्टर बघतील. येशूच्या नावात, आमेन." मावशीने ते ऐकलं, फोन उशाशी ठेवला, परत उचलून पुन्हा ऐकलं.

भुलीच्या भीतीची गोष्ट भाच्यालाही ठाऊक होती. आमच्या घरात ती सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावरून तिला चिडवतात. यंत्राला मात्र ती कोणी सांगितलीच नाही, कारण पटकन काहीतरी चांगलं पाठवून द्यायचं होतं. पोरगा वाईट नाही, उलट प्रेमळ आहे. पण मावशीबद्दल जे फक्त त्यालाच देवापुढे मांडता आलं असतं ते त्याच्याकडेच राहिलं आणि देवापुढे गेलं ते कोणाच्याही मावशीला चालेल असं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू व्यर्थ बडबड करू नका म्हणतो, त्याचं कारणही देतो: तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज कळलेली असते. त्याला माहिती पुरवायला आपण प्रार्थना करत नाही. मग उरतं काय? मावशी, भाचा आणि त्याने तिच्यासाठी घालवलेला वेळ.

परदेशातल्या नातवंडांचं तुम्ही म्हणता ते मात्र पटलं. ज्याला मराठी लिहिता येत नाही त्याने आजीला काहीच पाठवू नये का? जरूर पाठवावं. त्याने स्वतःच्या इंग्रजीत, चार ओळींत, आजीला काय सांगायचंय ते लिहावं, यंत्राकडून मराठी करून घ्यावं आणि खाली लिहावं की मराठी मशीनने केलंय. हा सरळ तर्तिय झाला. माझ्या ओळखीतल्या एका आजींना नातू अशीच पत्रं पाठवतो आणि त्या आमच्या पाळकांनाही कौतुकाने वाचून दाखवतात. नजर अधू झालेल्यांना वचन वाचून दाखवायला, संदर्भ शोधायला, संडे स्कूलची प्रश्नावली काढायला एआय वापरा, माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः या लेखांसाठी वचनांचे क्रमांक त्याच्याकडून शोधते आणि मग बायबल उघडून ताडून बघते, कारण ते बिनधास्त चुकतं.

जर्मनीचं फार ताणत नाही. जून २०२३, फ्युर्थ शहर, प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मोठ्या मेळाव्यातली ती उपासना. पडद्यावरच्या चेहऱ्यांनी चाळीसेक मिनिटं संदेश दिला, प्रार्थना केल्या, तीनशेवर लोक जमले होते. कोणी म्हणालं, यात हृदयच नव्हतं, तर कोणी म्हणालं, वाटलं होतं त्यापेक्षा बरं झालं. मात्र हा प्रयोग आहे हे आधीच जाहीर होतं. हे यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत होतं, मावशीच्या भाच्याने तिला ते सांगितलं नव्हतं. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये एका कॅथलिक संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा एआय पुरोहित काढला, तेव्हा ओरड झाली आणि काही दिवसांतच त्याचा पांढरा कॉलर उतरवून त्याला साधा जस्टिन करावं लागलं. लोकांनी उत्तरं देणारं यंत्र चालवून घेतलं, झगा घातलेलं नाही.

आता तुमचा भाऊ. तुम्ही लिहिता, घराच्या वाटणीवरून कैक वर्षं बोलणं बंद आहे. ईस्टरच्या आधी धीर करून तुम्ही एआयकडून पत्र लिहून घेतलं आणि पाठवलं. त्याचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. ते पत्र तुम्ही प्रतिक्रियेत चिकटवलंय आणि विचारलंय की पाठवलंच नसतं तर बरं झालं असतं का.

नाही. पाठवलंत ते बरंच केलंत. बायबलातल्या याकोबानेही असंच केलं होतं. वीस वर्षं मामा लाबानाकडे काढून तो परत निघाला, ज्याचा आशीर्वाद लुबाडला होता तो भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतोय हे कळलं आणि त्याची पाचावर धारण बसली. मग त्याने साडेपाचशेवर जनावरं निवडली: शेळ्या, मेंढ्या, दुभत्या उंटिणी, गाई, गाढवं. त्यांचे कळप केले, मध्ये अंतर ठेवलं आणि प्रत्येक कळपाच्या राखणदाराला एसावाशी बोलायची तीच ती वाक्यं पढवून ठेवली. हे तुझ्या सेवक याकोबाचं आहे, धन्याला भेट पाठवली आहे, तो मागून येतोच आहे. एकामागून एक, सगळ्यांच्या तोंडी एकच मजकूर. राग आधी शांत करू, मग तोंड दाखवू, हा हिशेब उत्पत्तीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलाय. त्या रात्री यब्बोक ओढ्याच्या काठी एका अनोळखी माणसाशी त्याची झोंबी झाली, मांडीचा सांधा निखळला आणि सकाळी तो लंगडत, बायकामुलांच्या पुढे होऊन, सात वेळा जमिनीपर्यंत वाकत भावापुढे गेला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. आणि मग एसावाने विचारलं, वाटेत भेटले ते कळप कशासाठी? माझ्याकडे पुष्कळ आहे रे भाऊ, तुझं तुलाच राहू दे.

कळप पुढे गेले म्हणून काही बिघडलं नाही. पण एसाव धावला तो लंगडत येणाऱ्या माणसाकडे. (पुढे सगळं गोडच झालं असंही नाही. मागून तुझ्या सेईरला येतो म्हणाला आणि याकोब गेला सुक्कोथला. भाऊ ते भाऊच.)

तुमचं पत्र मी वाचलं. 'काही गैरसमजांमुळे आपल्यात निर्माण झालेला दुरावा', 'रक्ताच्या नात्याची वीण', 'ख्रिस्ताच्या प्रेमात नवी सुरुवात'. खोटं त्यात काहीच नाही. पण घराचं नाव नाही, वडिलांचं नाव नाही. आणि माझ्या लेखावर चिडून लिहिताना तुम्ही ओघात लिहून गेलात: 'वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री त्यानेच काढल्या, मी नाकारत नाही.' हे तुम्ही मला सांगितलंत, ओळख ना देख. त्याला पाठवलेल्या पत्रात ते कुठेच नाही. फोन करा, एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घाला. त्याने वाटणीचा विषय काढला तर काढू द्या, मध्ये बोलू नका.