'कोण कोणास म्हणाले?' यावर किती वर्षं भागवणार?

चौथीच्या मराठीच्या पेपरात नाट्यप्रवेश आला की प्रश्न ठरलेला: कोण कोणास म्हणाले? दोन गुण. सोलापूरच्या पूर्व भागात मी मुलांना शिकवते आणि या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. पाठ दोनदा घोकला की उत्तर येतं, गाईडमध्ये तर ते आयतंच छापलेलं असतं. पोराला नाटुकलं समजलं की नाही, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

परीकथेवरचं नाटुकलं वाचायला सोपं असतं, हा एक मोठा गैरसमज. गोष्टीत लेखक सांगून मोकळा होतो की लांडग्याच्या मनात कपट होतं. नाटकात ते सांगायला कुणी नसतं. समोर फक्त संवाद आणि कंसात एखादी सूचना. पात्र बोलतंय एक आणि त्याच्या मनात आहे भलतंच, हे वाचणाऱ्यानं स्वतः ओळखायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे जड जातं. म्हणूनच परीकथा हवी. गोष्ट साधारण ठाऊक असते, त्यामुळे 'पुढे काय होणार' यापेक्षा 'हा असं का बोलतोय' याकडे लक्ष द्यायला पोरं मोकळी असतात.

आमच्याकडे लाल टोपीवालीचा (म्हणजे 'लिटल रेड रायडिंग हूड'चा) प्रवेश चालला होता. एका मुलीनं एका दमात वाचलं, "दार उघडंच आहे आत डोकावत आजी मी आले." कंसातलं आणि संवादातलं सगळं एकत्र. बरीच मुलं असंच वाचतात, कारण कंस कशासाठी असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी म्हटलं, कंसातलं बोलायचं नाही, करायचं. ती पुस्तक घेऊन वर्गाच्या दारापाशी गेली, आत डोकावली आणि तिथंच थबकली. "बाई, आजी तर आजारी हाय ना? मग दार कुणी उघडलं?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "लांडगा आत बसलाय की!"

त्या पानावर हे वाक्य कुठंही छापलेलं नव्हतं. मागच्या प्रवेशात लांडग्यानं आजीच्या घराचा रस्ता विचारला होता, तो धागा त्या पोरानं इथं आणून जोडला. आकलन म्हणतात ते हेच.

मग लांडग्याचं "ये बाळ, जवळ ये" हे वाक्य तिघांनी तीन तऱ्हांनी म्हटलं. सोलापूरच आहे, अंगावर घ्यायला चादर लगेच मिळाली. एकानं गुरगुरून, एकानं गोड आवाजात, एकानं कापऱ्या आवाजात. बरोबर कोण? वर्गात भांडण पेटलं. मी एवढंच विचारत राहिले, "कुठल्या ओळीवरून म्हणतोस?" आणि पोरं पुस्तकात बोट फिरवायला लागली. 'आजीची टोपी घालून' ही ओळ एकीनं शोधून काढली: तो म्हातारीचं सोंग करायलाय, मग आवाज कापराच पाहिजे. गोड आवाजवाला मात्र शेवटपर्यंत हटला नाही. त्याचंही म्हणणं पटण्यासारखं होतं.

आता आमच्या भागापुरती एक गोष्ट. यंत्रमागावर आणि विडीवर चालणारी ही घरं. कुठे तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. शाळेत मराठी. 'लांडग्याने' ऐवजी 'लांडगाने' लिहिलं म्हणून मुलीचा अर्धा गुण जातो आणि तिला आकलन नाही असा शेरा बसतो. हा अन्याय आहे. तिला लांडग्याचं कपट तुमच्या-माझ्याइतकंच कळलेलं असतं. मी मुलांना आधी आपसात तेलुगूत भांडू देते, लिहिणं नंतर. यानं मराठी कच्ची राहील असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आपलं म्हणणं खरं करायला ती पुन्हापुन्हा त्या मराठी ओळींकडेच जातात, आणि तेही आपणहून.

चौथीच्या मुलांचं वाचन तपासणारी 'पर्ल्स' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यात प्रश्न चार प्रकारचे असतात: लिहिलेली माहिती शोधणं, त्यावरून साधा अंदाज बांधणं, सगळं जोडून अर्थ लावणं आणि मजकुराविषयी स्वतःचं मत देणं. आपलं 'कोण कोणास म्हणाले' पहिल्याच प्रकारावर अडकलंय. लहान मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेलं आपलं निपुण भारत अभियानही समजून वाचण्याचीच भाषा करतं. मग पेपर का बदलत नाही?

चौथ्या प्रकारासाठी परीकथेसारखं साधन नाही. लाल टोपीवालीची गोष्ट फ्रान्समध्ये १६९७ मध्ये छापली गेली तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. १८१२ च्या जर्मन संग्रहात शिकारी येऊन दोघींना सोडवतो. दोन्ही शेवट वर्गात सांगा आणि कुठला ठेवायचा, का, ते विचारा. तास पुरत नाही. परदेशी गोष्टच पाहिजे असंही नाही. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते" म्हणत कावळ्याला पावसात ताटकळत ठेवणारी चिमणी खरंच कामात होती का? एवढं एकदा विचारून बघा.

आणि गॅदरिंग. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, पोरं भाड्याच्या ड्रेसमध्ये नुसते ओठ हलवतात. ज्या मुलीला परी केलंय तिनं ते नाटुकलं एकदाही वाचलेलं नसतं. ड्रेस नसला तरी चालेल, आधी पंधरा दिवस हातात संहिता द्या आणि पोरांना तिच्यावर भांडू द्या.

पेपर काढणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. 'कोण कोणास म्हणाले' ठेवायचंय तर ठेवा, पण त्याला एक गुण द्या. दुसरा गुण 'का म्हणाले, कशावरून?' याला द्या, आणि तो शुद्धलेखनापायी कापू नका.