‘टेन्युअर’बद्दलच्या माझ्याच मेसेजचा खुलासा

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतचं, अनेक विषयांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात) असिस्टंट प्रोफेसर म्हणजे प्रोफेसरांचा मदतनीस, आणि एकदा टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नेमणूक, मिळालं की कोणी काढूच शकत नाही. दोन्ही चूक. मेसेज बराच फिरलाय, म्हणून हे लिहितोय.

असिस्टंट प्रोफेसर स्वतःचे वर्ग घेतो, स्वतःचं संशोधन करतो. कोणाच्या हाताखाली नसतो. साधारण सहाव्या वर्षी त्याचं अध्यापन, संशोधन आणि कॉलेजसाठी केलेलं काम कसून तपासलं जातं. पसंत पडलं तर टेन्युअर, सोबत बहुधा असोसिएट प्रोफेसर हा वरचा हुद्दा. नाही, तर सहसा एक शेवटचं वर्ष आणि निरोप. आपल्याकडच्या प्रोबेशनपेक्षा हे प्रकरण फारच कडक आहे!

‘जन्मभराची नोकरी’ हे तर मी ऐकीव लिहिलं होतं. तिथल्या प्राध्यापक संघटनेनं कॉलेजांच्या संघटनेसोबत १९४० साली काढलेलं निवेदन आता वाचलं. त्यात टेन्युअरआधीच्या उमेदवारीची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं. आणि टेन्युअरनंतरही सबळ कारण असेल किंवा संस्था खरोखर आर्थिक संकटात असेल, तर नोकरी जाऊ शकते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तिथे हा टाका.