लंडन, व्हाया चोर्ला

“मामा, तुमची फेवरिट जिन कुठली?”

भाच्यानं हे विचारलं तेव्हा मी चिरमुऱ्यांतले शेंगदाणे वेचून खात होतो. भाचा बेंगळूरला नोकरीला आहे आणि दर दिवाळीला एक नवा प्रश्न घेऊन घरी येतो. गेल्या वर्षी त्यानं, आपण पितो ती कॉफी कुठल्या डोंगरावरची, असं विचारलं होतं. आम्ही पितो ती कॉफी डब्यातली आहे, एवढंच मला सांगता आलं.

मी पन्नाशी ओलांडलेला, बेळगावातल्या शहापूरचा माणूस. आमच्याकडे दारूचे प्रकार दोनच, सासऱ्यांनी दिलेली आणि स्वतःच्या पैशाची. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाले, तेव्हापासून घराला रमची दीक्षा आहे. बेळगावचा पाऊसही रमच्याच बाजूचा. जूनमध्ये लागला की गणपतीपर्यंत भिंती ओल्या, कपडे ओले, पापड मऊ. त्या हवेत माणूस रम घेतो ती चैन म्हणून नव्हे, वाळायला म्हणून. जिन कुणी घेत नव्हतं. गावातल्या एखाद्या गल्लीत आपण जन्मात गेलेलो नसतो, आणि न जाण्याचं काही कारणही नसतं, तसं ते होतं.

पण भाच्यासमोर ‘माहीत नाही’ म्हणणं मामाला शोभत नाही. “उद्या सांगतो,” म्हटलं, आणि अडकलो.

वाईन शॉपवाला मला वीस वर्षं ओळखतो. पुढच्या गिऱ्हाइकाला नाइंटी देता देता त्यानं माझ्यासाठी सवयीनं रमकडे हात नेला. मी हळूच म्हटलं, “जिन दाखवा.” हात वाटेतच थांबला.

“जिन? वहिनींसाठी काय?”

हे त्यानं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या तीन बाटल्या काढल्या आणि फुंकर मारून त्यांच्यावरची धूळ माझ्या अंगावर उडवली. पहिलीवर ठळक अक्षरांत ‘लंडन ड्राय’, आणि खाली बारीक अक्षरांत गोवा.

“अहो, ही लंडनची म्हणते आणि पत्ता गोव्याचा?”

“तसंच असतंय ओ ते.”

मला वाटलं, फसवतोय. घरी येऊन वाचलं तर माणूस खरं बोलत होता. लंडन ड्राय ही पद्धत आहे, गाव नव्हे. सगळा वास-स्वाद भट्टीतच उतरला पाहिजे. नंतर वरून स्वाद नाही, रंग नाही, आणि साखर घातलीच तर लिटरला 0.1 ग्रॅमपर्यंत. एवढं पाळलं की ती कुठंही गाळा, लंडनच. पुण्याच्या माणसाला हे समजवावं लागेल, बेळगावकराला नाही. इंग्रजाच्या कागदावर आम्ही बेलगाम, आमच्या तोंडात बेळगाव, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी पाटीवर बेळगावी. पत्र तिन्ही नावांनी येतं, आणि पोस्टमन मुकाट्यानं त्याच दारात टाकतो.

बायकोनं विचारलं, “यात घालतात काय?” मी बोटॅनिकल्स, म्हणजे वास-स्वादाचा पाला-मसाला, वाचून दाखवले. धणे, लिंबा-संत्र्याची साल, कशात वेलची, कशात दालचिनी. आणि ज्याच्यावाचून जिनला जिन म्हणताच येत नाही ते जुनिपर. जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, पोटातल्या वातावर देतात ती. हिमालयातली हपुषा वापरून केलेली एक जिनही गोव्यातच तयार होते, नाव हपुसा.

“म्हणजे काढाच की,” ती म्हणाली. “ओवा घालून मीच करून दिला असता.”

गोवा म्हटलं तर आम्हाला चोर्ला घाट उतरला की पुढं. पण तिथल्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं, त्यामुळे ती डिकीत घालून आणायची नाही. तिनं अबकारी खात्याच्या रीतसर मार्गानं यायचं आणि येताना महाग व्हायचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कुणाला कर न देता खाली येते. (पाण्याचंही भांडण आहेच, पण ते आत्ता नको.)

जिन मिळाली, आता टॉनिक. किराणावाल्यानं मला मेडिकलकडे पाठवलं. मेडिकलवाल्यानं विचारलं, “रक्ताचं की भुकेचं?” मी म्हटलं, जिनमध्ये घालायचं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी निमूटपणे रक्ताचं घेऊन आलो. अजून फडताळात आहे. खरं टॉनिक शेवटी टिळकवाडीतल्या एका मोठ्या दुकानात सापडलं.

तरी मेडिकलवाला फार चुकला नव्हता. टॉनिकचा कडूपणा क्विनाईनचा, आणि क्विनाईन म्हणजे सिंकोनाच्या सालीतलं हिवतापाचं औषध. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना ते गिळवेना, म्हणून साखर, सोडा, लिंबू आणि जिन. आमच्या कॅम्पातल्या साहेबांनीही बंगल्याच्या व्हरांड्यात हेच केलं असणार. माझे आजोबा खानापूरच्या रानातले; त्यांनी हिवतापात क्विनाईन कोरडंच घेतलं होतं आणि त्यानंतर कडुलिंब गोड लागतो म्हणायचे. आता टॉनिकमध्ये ते नावापुरतं उरलंय. अमेरिकेत लिटरला 83 मिलिग्रॅमच्या वर घालू देत नाहीत, म्हणजे मलेरियाच्या माणसाला एका दिवसाच्या औषधासाठी बादलीभर टॉनिक प्यावं लागेल. सोबत जिन किती, हा हिशेब मी केला नाही.

रात्री गच्चीवर परीक्षा. भाच्याची शिस्त अशी: मोठा ग्लास, काठोकाठ बर्फ, साठ जिन, तिप्पट टॉनिक, आणि लिंबाचा रस नाही, फक्त सालीची चकती. पहिल्या घोटाला त्यानं डोळे मिटले.

“मामा, हिच्यात ना, समुद्राची झाक आहे. खारा वारा.”

मी काही बोललो नाही. फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेला लागून रविवारचे बांगडे होते.

सासऱ्यांनी नुसता वास घेतला. “जावईबापू, ही जखमेला लावायची,” म्हणाले आणि आपल्या रमकडे वळले.

मी मात्र वहीत गुण लिहीत होतो. पहिली: बरी. दुसरी: बरी. तिसरी: फारच बरी. मग न्याय व्हावा म्हणून पहिली पुन्हा घेतली, तर तीही फारच बरी झालेली. दुसरीवर अन्याय नको म्हणून तीही घेतली. सकाळी वहीत शेवटची नोंद सापडली ती अशी: ‘सगळ्या आपल्याच.’

मधे साडेनऊला टॉनिक संपलं होतं. खाली पाहुण्यांसाठी आणलेली लिमका होती. गोव्यात एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, घेतात तसं मी केलं: लिमका, अख्खं कागदी लिंबू पिळून, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. भाचा ओरडला, “मामा, काय करताय! बोटॅनिकल्स मरतात!” मरू देत म्हटलं. तोंडात आधी लिंबू, मग हपुषा, आणि गिळून झाल्यावर मिरची मागून येऊन खांद्यावर हात ठेवते. भाच्यानं चूक नेमकी कुठं होतेय ते तपासायला एक घेतला. मग खात्री करायला दुसरा.

तो बेंगळूरला परत गेला. फेवरिटचं नाव मी अजून सांगितलेलं नाही. तिन्ही बाटल्या संपल्या आणि कुठली कितव्या नंबरला होती ते वहीवरून कळत नाही.

परवा वाईन शॉपवरून जाताना मालकानं रस्त्यापलीकडून हाक मारली.

“ओ साहेब! तुमची लंडन आलीय बगा. कालच घाट चढली.” आणि माझं उत्तर यायच्या आतच, “लिमका किती देऊ?”